अस्वान पहिल्यांदा बघताना: ऊन, वारा आणि होडी यांचा हिशोब

दक्षिण इजिप्तमधल्या अस्वानला जाणाऱ्यांची एक चूक ठरलेली असते. सकाळी बसने धरण, तिथून अर्धवट ओबेलिस्क (एकसंध दगडाचा, कोरायचा राहून गेलेला उंच खांब), मग बेटावरचं फिलेचं देऊळ, दुसऱ्या दिवशी पहाटे अबू सिंबेलची देवळं आणि परत येऊन क्रूझवर. आपल्याकडच्या बऱ्याच ग्रुप टूरचा आराखडा असाच असतो. त्यात देवळं बघून होतात, पण अस्वान राहून जातं. हे गाव होडीतून आणि पायी बघायचं आहे, आणि त्याला तीन पूर्ण दिवस लागतात. अबू सिंबेलचा चौथा दिवस वेगळा धरा.

आधी गावाची ठेवण समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं होतं. शहर नाईलच्या पूर्व काठावर आहे. रेल्वे स्टेशन उत्तर टोकाला, तिथून दक्षिणेकडे नदीला लागून जाणारा रस्ता म्हणजे कॉर्निश, आणि त्याला समांतर एक-दोन गल्ल्या आत बाजार. समोर पात्रात एलिफंटाइन बेट, त्याच्या मागे छोटं किचनर बेट, आणि पलीकडे पश्चिम काठावर पिवळ्याधमक वाळूच्या टेकड्या पार पाण्यापर्यंत उतरलेल्या. दक्षिणेला पात्रात ग्रॅनाइटचे काळे, गुळगुळीत खडक वर आलेले दिसतात. हा नाईलचा पहिला कॅटरॅक्ट, म्हणजे खडकाळ खळाळाचा पट्टा. त्याच्याही दक्षिणेला १९०२ साली पूर्ण झालेलं जुनं धरण आणि आणखी वर १९७० साली पूर्ण झालेलं उंच धरण. विमानतळ धरणांच्या बाजूला, गावाबाहेर आहे.

आता दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि इथला वारा वर्षातले बहुतेक दिवस उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. त्यामुळे प्रवाहाविरुद्ध जाताना शीड उभारायचं आणि परतताना प्रवाहाच्या जोरावर नागमोडी यायचं, हे गणित इथे हजारो वर्षं चालत आलं आहे. दुसरी गोष्ट ऊन. उघड्या दगडाच्या जागा सकाळी, सावलीच्या जागा दुपारी आणि नदी संध्याकाळी. दिवस या क्रमाने लावलात तर अस्वान सुखाचं जातं. उलटा लावलात तर दुपारी एक वाजता ग्रॅनाइटच्या खाणीत उभं राहून डोकं धरायची वेळ येते.

कधी जायचं आणि काय न्यायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. दिवसा २३ ते २८ अंश, रात्री दहाच्या आसपास किंवा त्याखालीही. मार्चपासून मेपर्यंत मधूनच खमसीन नावाचा गरम, धुळीचा वारा सुटतो. त्या दिवशी होडी नाही आणि समोरचं बेटही धड दिसत नाही. जून ते ऑगस्ट कमाल तापमान ४१-४२ अंशांवर असतं. नागपूर-चंद्रपूरचा मे महिना काढलेल्या माणसाला हे आकडे ओळखीचे वाटतील, पण एक फरक आहे. इथे हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर दिसतच नाही, येतो तसा उडून जातो. घाम येत नाही असं वाटून माणूस पाणी कमी पितो आणि संध्याकाळी डोकं ठणकायला लागतं. हिवाळ्यात माणशी तीन लिटर आणि उन्हाळ्यात चार-पाच लिटर पाणी धरा. बाटलीचं पाणीच प्या आणि झाकणाचं सील बघून घ्या. ओआरएसची दहा पाकिटं घरूनच न्या.

कपडे सैल, सुती आणि पूर्ण बाह्यांचे. टोपीला हनुवटीखाली बांधायचा बंद हवाच, नाहीतर पहिल्याच होडीत ती नाईलला अर्पण होते. बूट बंद आणि जाळी नसलेले घ्या, कारण जाळीच्या स्पोर्ट्स शूजमधून पश्चिम काठाची पिठासारखी वाळू दहा पावलांत आत शिरते. हिवाळ्यात संध्याकाळच्या होडीसाठी शाल किंवा जाकीट हवं. सूर्य बुडाला की पाण्यावर अर्ध्या तासात थंडी वाजायला लागते. एक छोटी टॉर्च ठेवा, थडग्यांमध्ये उपयोगी पडते.

पैसे आणि आकडे

इजिप्शियन पाउंडला तिथे ‘गिनेह’ म्हणतात. आपल्या जुन्या गिन्नीचंच हे भावंड, दोन्ही शब्द एकाच इंग्रजी नाण्यावरून आले. मोठ्या सरकारी स्थळांच्या तिकीट खिडक्यांवर आता बऱ्याच ठिकाणी कार्डच चालतं, तर होडी, टॅक्सी, उंट, बाजार आणि स्वच्छतागृह इथे फक्त रोख. म्हणून दोन्ही जवळ हवं. हॉटेलात पहिल्याच दिवशी मोठी नोट मोडून ५, १० आणि २० गिनेहच्या नोटांचा एक गठ्ठा वेगळ्या खिशात ठेवा. बक्षीस हा शब्द तुम्हाला दिवसातून वीस वेळा ऐकू येईल आणि त्याचा अर्थ सांगावा लागणार नाही. दार उघडणाऱ्याला, सामान उचलणाऱ्याला, थडग्यात दिवा धरणाऱ्याला छोटी नोट द्यायची रीत आहे. न मागता मागे लागून ‘इथून फोटो काढा’ म्हणणाऱ्याला द्यायची गरज नाही. ‘ला, शुक्रन’ म्हणजे ‘नको, धन्यवाद’. हसून म्हणा आणि चालत राहा, थांबू नका. व्यवहार संपवायला ‘खलास’ हा शब्द जसाच्या तसा चालतो.

अरबी आकडे शिकायला अर्धा तास लागतो आणि त्याने पुष्कळ घोळ टळतात. भावाच्या पाट्या आणि रेल्वेच्या डब्यांवरचे नंबर बरेचदा त्याच आकड्यांत असतात. मराठी माणसाला सगळ्यात मोठा चकवा पाचाचा आहे. अरबी पाच आपल्या शून्यासारखा गोल दिसतो आणि अरबी शून्य म्हणजे नुसता टिंब. त्यामुळे गोल आणि पुढे टिंब दिसलं तर ते पन्नास आहेत. सात हा वर उघडा असलेला कोन, आठ हा तोच कोन उलटा. ही तीन-चार चिन्हं पाठ झाली तरी बहुतेक काम भागतं.

पहिला दिवस: दगड आणि पाणी

आदल्या संध्याकाळी टॅक्सी ठरवा: ओबेलिस्क, फिलेचा धक्का, उंच धरण आणि परत, थांबण्याच्या वेळेसकट एकच रक्कम. हॉटेलात भाव विचारा, मग बाहेर दोन चालकांना विचारा. तीन आकड्यांवरून खरा भाव कळतो. सकाळी उघडण्याच्या वेळेलाच पहिलं ठिकाण गाठा.

अर्धवट ओबेलिस्क ही एक ग्रॅनाइटची खाण आहे, तिथे सावली नावाला नाही. दगडातून तीन बाजूंनी सुटा केलेला, खालून अजून खडकालाच चिकटलेला हा खांब जवळजवळ ४२ मीटर लांब आहे, वजन हजार टनांहून जास्त. काम चालू असतानाच दगडाला तडे गेले आणि तो तिथेच सोडून दिला. लोक वरून एक फोटो काढून निघतात. तसं करू नका. बाजूच्या चराशी उभं राहून आतल्या भिंतीकडे बघा. सगळीकडे पळीने खरवडल्यासारखे उथळ, गोलसर खळगे दिसतील. लोखंडी छिन्नी नव्हती. डोलेराइट नावाच्या हिरवट-काळ्या कठीण दगडाचे गोटे हातात धरून ग्रॅनाइट ठेचून ठेचून त्याचा चुरा काढत गेले, त्याचे हे ठसे आहेत. असे गोटे आवारात अजून दिसतात. हा चर बघितल्यावर इजिप्तमधला प्रत्येक उभा ओबेलिस्क वेगळा दिसतो. पाऊण तास पुरे.

फिलेला जाण्यासाठी शेलाल नावाच्या धक्क्यावर जावं लागतं. देवळाचं तिकीट खिडकीवर मिळतं, पण त्यात होडीचं भाडं नसतं, आणि नवख्यांची फसगत इथेच होते. क्रम असा ठेवा: तिकीट काढा, धक्क्यावर जा, मोटरबोटीचं जाऊन-येऊन भाडं पूर्ण होडीचं ठरवा, माणशी नव्हे. बोट तुमच्यासाठी किती वेळ थांबणार ते बोला, दीड तास मागून घ्या. होडीचा नंबर किंवा रंग लक्षात ठेवा, कारण परतताना तिथे सारख्याच पन्नास होड्या असतात. पैसे परत धक्क्याला लागल्यावरच द्या. दोघं-तिघं असाल तर धक्क्यावर भेटलेल्या दुसऱ्या प्रवाशांना सोबत घ्या, भाडं वाटलं जातं.

हे इसिस देवीचं देऊळ मुळात या बेटावर नव्हतंच. १९०२ च्या धरणानंतर जुनं फिले बेट वर्षातले कित्येक महिने पाण्याखाली जाऊ लागलं. उंच धरणानंतर ते कायमचं बुडत होतं, तेव्हा युनेस्कोच्या मोहिमेत देऊळ दगड-दगड सुटं करून जवळच्या अगिल्किया बेटावर उभारलं आणि १९८० साली ते पुन्हा खुलं झालं. पाण्यात उभं राहिल्याच्या खुणा खांबांवर अजून शोधून सापडतात. देवळाच्या आवारात रोमन सम्राट हेड्रियनचं दार आहे, तिथे चित्रलिपीतला आजवर सापडलेला शेवटचा दिनांकित मजकूर कोरला आहे. तारीख २४ ऑगस्ट ३९४. तीन हजार वर्षांहून जास्त चाललेली लिपी याच भिंतीवर थांबली. नवख्या वाटाड्याला हे ठाऊक नसतं, म्हणून दार आपणच विचारून शोधा.

उंच धरणाला अर्धा तास द्या, जास्त नाही. कोयनेची भिंत डोळ्यांसमोर ठेवून गेलात तर निराशा होईल. कोयना १०३ मीटर उंच, हे १११ मीटर, म्हणजे उंचीत फार फरक नाही. पण अस्वानचं धरण दगड-माती-चिकणमातीचा भराव आहे, ३.८ किलोमीटर लांब आणि पायाशी ९८० मीटर रुंद. त्यामुळे भिंत दिसत नाही, रुंद रस्ता दिसतो. दक्षिणेकडे वळून नासर जलाशयाकडे बघा. सुमारे ५०० किलोमीटर लांबीचं हे पाणी सुदानपर्यंत पोचलं आहे आणि त्याखाली न्युबियन लोकांची गावंच्या गावं आहेत. १९६३-६४ मध्ये इजिप्तमधल्या सुमारे ५०,००० न्युबियनांना उठवून कोम ओंबो गावाच्या बाजूला वसवलं. धरणग्रस्त हा शब्द आपल्याला नवा नाही. हे मनात ठेवून त्याच दिवशी दुपारी न्युबियन म्युझियमला जा, १९९७ साली उघडलेलं आणि थंड सावलीचं. शिरल्यावर समोर रामसेस दुसरा या प्राचीन राजाचा पुतळा उभा आहे, पण वेळ द्यायचा तो बुडालेल्या गावांच्या घरांना, दागिन्यांना आणि रोजच्या भांड्यांना. दोन तास ठेवा, आणि वेळ आधी हॉटेलात विचारून घ्या, कारण दुपारी मध्ये बंद ठेवण्याची पद्धत इथे जुनी आहे.

दुसरा दिवस: पश्चिम काठ आणि शिडाची होडी

स्टेशनच्या जवळच्या धक्क्यावरून पश्चिम काठाला सार्वजनिक फेरी जाते. भाडं अगदी थोडं, गावकऱ्यांपेक्षा पाहुण्याला जरा जास्त सांगतात, ते मान्य करा. धक्क्याच्या वाटेवर कुणीतरी हमखास सांगेल की फेरी आज बंद आहे, माझी होडी घ्या. फेरी बंद नसते. पुढे चालत जा. आत बायका बहुधा एका टोकाला आणि पुरुष दुसऱ्या टोकाला बसतात, तसंच बसा.

उतरल्यावर समोरच्या टेकडीत सरदारांची थडगी कोरलेली आहेत. टेकडीच्या माथ्यावर एका शेखचा घुमट आहे, त्यावरून या जागेचं नाव कुब्बत अल हवा, वाऱ्याचा घुमट. थडगी पूर्वाभिमुख आहेत, म्हणून सकाळचं ऊन थेट दारातून आत जातं आणि रंग दिसतात. दुपारी गेलात तर टॉर्चशिवाय काही दिसत नाही. चढ उभा आणि रेताड आहे, गुडघेदुखी असणाऱ्यांनी काठी न्यावी आणि मध्ये तीनदा थांबावं. शेजारून सरळ वर जाणारे उतार दिसतील, नदीवरून शवपेट्या ओढत नेण्यासाठी ते केले होते. थडग्यांना नंबर आहेत: ३१ आणि ३६ नंबरची सारेनपुत नावाच्या आजा-नातवांची. ३१ मधल्या लांब दालनाच्या शेवटी छोट्या देवळीतले रंग पाहून थांबायला होतं.

खरी मौज हरखुफच्या थडग्याच्या दर्शनी भिंतीवर आहे. हा सहाव्या राजवंशाच्या काळातला सरदार, दक्षिणेकडे व्यापाराला जायचा. एका सफरीहून त्याने नाचणारा एक ठेंगणा माणूस आणला, आणि तेव्हा लहान असलेल्या पेपी राजाने त्याला पत्र धाडलं: लवकर ये, तो पाण्यात पडू नये म्हणून होडीत त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं ठेव, आणि रात्रीतून दहा वेळा त्याला बघून ये. चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा एका मुलाचा हा उतावळेपणा सरदाराने अभिमानाने दगडात कोरून ठेवला. मजकूर झिजला आहे, पण ओळी दिसतात. भिंतीला हात लावू नका.

इथून सिमियनच्या मठाला वाळूतून जाता येतं. उंटाने साधारण अर्धा तास. हा किल्ल्यासारखा कॉप्टिक, म्हणजे इजिप्शियन ख्रिश्चनांचा मठ ११७३ मध्ये उद्ध्वस्त झाला आणि तेव्हापासून ओसाड आहे. उंट ठरवताना जाऊन-येऊन, थांबण्यासकट बोला. नाहीतर मठाशी पोचल्यावर परतीचा वेगळा भाव सांगितला जातो. उंटाच्या पाठीवर किंवा नाकाजवळ जखमा दिसल्या तर तो घेऊ नका, दुसरा मागा. बसताना एक खबरदारी: उंट आधी मागचे पाय उचलतो, म्हणून तुम्ही पुढे फेकले जाता. मागे रेला आणि खोगिराचा पुढचा खुंट घट्ट धरा, मग पुढचे पाय उठतात तेव्हा किंचित पुढे या. उतरताना तो आधी पुढचे गुडघे टेकतो, तेव्हाही मागेच रेलायचं. पडण्याचे बहुतेक प्रसंग याच चार सेकंदांत होतात. चालत जायचं असेल तर फक्त हिवाळ्यात, दहाच्या आत आणि दीड लिटर पाणी घेऊन.

दुपारी अकरा ते अडीच खोलीत. तीनला फेलुका.

फेलुका म्हणजे कोकणातल्या मचव्यासारखं तिरकं त्रिकोणी शीड असलेली होडी. आवाज नाही, डिझेलचा वास नाही. ठरवण्याच्या पायऱ्या अशा:

१. कॉर्निशवर उतरून स्वतः होडी बघा. वरून ओरडून भाव करू नका. शिडाला मोठी फाटकी ठिगळं असतील, वल्ही तुटकी असतील किंवा लाइफ जॅकेट नसेल तर पुढच्या होडीकडे वळा.

२. भाव पूर्ण होडीचा आणि तासाचा. ‘गिनेह’ हा शब्द तोंडाने उच्चारून घ्या, नाहीतर शेवटी तोच आकडा डॉलरमध्ये निघतो.

३. वाट ठरवा. तीन तासांत एलिफंटाइनच्या दक्षिण टोकाला वळसा, किचनर बेटावर उतरून पाऊण तास आणि सूर्यास्ताला पाण्यावर, एवढं नीट बसतं. डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारास बुडतो, म्हणून तीनच्या पुढे निघू नका.

४. वारा पडला तर काय, हे आधीच विचारा. संध्याकाळी तो पुष्कळदा पडतो. तांडेल वल्ही मारून आणेल की मोटरबोटीला बांधून, आणि त्याचे पैसे वेगळे की नाही, हे निघण्यापूर्वीच स्पष्ट करा.

५. पैसे शेवटी, आणि खूश असाल तर वर थोडं बक्षीस तांडेलाच्या हातात.

होडी दिशा बदलते तेव्हा शिडाखालची काठी एका बाजूकडून दुसरीकडे जाते. तांडेलाने हाक दिली की डोकं खाली घ्या आणि तो सांगेल त्या बाजूला सरका. उभं राहून फोटो काढायची ती वेळ नाही. एलिफंटाइनच्या दक्षिण टोकाचे राखी, गुळगुळीत खडक पाण्यात बसलेल्या हत्तींसारखे दिसतात. बेटाचं प्राचीन नाव आबू, म्हणजेच हत्ती. फळीवर बसून हातांनी पाणी मारत छोटी मुलं होडीला येऊन लटकतात आणि गाणी म्हणतात. गोड असतात, पण पैसे देऊ नका. मोटरबोटींच्या वाटेत त्यांनी असं येणं जिवावरचं आहे.

किचनर बेट म्हणजे बाग. ब्रिटिश सेनानी लॉर्ड किचनरने भारतातून, आफ्रिकेतून, पूर्वेकडून झाडं आणून लावली. इथे सार्वजनिक फेरी येत नाही, म्हणून फेलुकाच्या फेरीतच बसवा. बेटावरून पश्चिमेला टेकडीवर एक देखणी, घुमटाची कबर दिसते. पुणेकरांना तिच्याशी नातं लागतं. नगर रोडवरचा आगाखान पॅलेस ज्यांनी १८९२ मध्ये बांधला, ते तिसरे आगाखान इथे हिवाळा घालवायचे. १९५७ मध्ये ते गेले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना इथे ठेवलं. आत प्रवेश नाही, ती पाण्यावरूनच बघायची. कुणी आत नेतो म्हणाला तर विश्वास ठेवू नका.

पोहण्याविषयी स्पष्टच सांगितलेलं बरं. नाईलच्या साचलेल्या, गवताळ काठाच्या पाण्यात गोगलगायींमार्फत पसरणारा बिलहार्झिया नावाचा परजीवी असू शकतो, तो त्वचेतून शरीरात शिरतो. वाहत्या, खोल पाण्यात धोका कमी असतो, शून्य नसतो. शिवाय खडकांमधला प्रवाह जोरकस आणि धरणाच्या तळातून आल्यामुळे पाणी उन्हाळ्यातही गार. वाळूच्या चौपाट्यांवर लोक उतरलेले दिसतील, तरी आमचा सल्ला पोहायला उतरू नका असाच आहे. उतरलातच, आणि पुढच्या काही आठवड्यांत अंगाला खाज किंवा ताप आला, तर डॉक्टरांना नाईलमध्ये उतरल्याचं आवर्जून सांगा. मगरींची भीती मात्र नको, त्या धरणाच्या वर जलाशयात आहेत. न्युबियन घरांत टाक्यांमध्ये मगरीची पिल्लं ठेवून पाहुण्यांच्या हातात देतात. त्यासाठी पैसे देऊ नका, त्या प्राण्याचे हाल असतात.

तिसरा दिवस: पक्षी आणि एलिफंटाइन

पक्षी बघण्याची हौस असेल तर सूर्योदयाला छोटी मोटरबोट घेऊन कॅटरॅक्टमधल्या सालुगा आणि गझाल बेटांकडे जा. १९८६ पासून हा राखीव भाग आहे. ओळखीची मंडळी भेटतील: कवड्या धीवर पाण्यावर एका जागी फडफडत थांबलेला, जांभळी पाणकोंबडी, राखी बगळा, हुदहुद. होडीवाल्याला इंजिन बंद करून वाहू द्यायला सांगा, तेव्हाच ते जवळ येतात.

मग कॉर्निशवरून फेरीने एलिफंटाइन. बेट जेमतेम सव्वा किलोमीटर लांब आहे, गाड्या नाहीत. दक्षिणेला जुन्या शहराचे अवशेष आणि नाईलमापक: पाण्यात उतरणाऱ्या ९० पायऱ्या आणि भिंतीवर पुराची उंची मोजायच्या खुणा. पूर किती चढला त्यावर पीक किती येणार आणि सारा किती घ्यायचा ते ठरायचं. आपल्या आणेवारीचंच हे काम, फक्त शेताऐवजी नदीत उतरून केलेलं. पायऱ्यांवर खाली शेवाळ असतं, जपून. नंतर न्युबियन वस्तीत निळ्या-पिवळ्या भिंतींच्या बोळांतून चाला. बायकांचे, घरांच्या आतले फोटो विचारल्याशिवाय घेऊ नका. चहाला बोलावलं तर जा, पण त्यामागे बरेचदा विक्री असते हे धरून चाला.

शाकाहारी माणसाची अस्वानात उपासमार होत नाही. सकाळी फूल, म्हणजे रात्रभर शिजवलेला बाकला, आणि तामिया, म्हणजे त्याच डाळीचे वडे. दुपारी कोशरी: भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे आणि वर कुरकुरीत कांदा. चूक होते ती भाजीच्या रश्श्यात आणि मुलुखिया नावाच्या पालेभाजीत. मांस दिसत नाही, पण मटणाच्या पाण्यात शिजवलेलं असतं. ‘अना नबाती’ म्हणजे मी शाकाहारी, बाईने ‘नबातिय्या’ म्हणायचं, आणि त्यासोबत ‘शोरबा’, म्हणजे मटणाचं पाणी, आहे का हे विचारायचं.

चौथा दिवस: अबू सिंबेल

सुमारे २८० किलोमीटर वाळवंट, एका बाजूला तीन ते साडेतीन तास. गाड्या पहाटे चार-पाचला निघतात. मूळ पासपोर्ट जवळ हवा, वाटेत तपासणी असते. नाश्ता हॉटेलातून बांधून घ्या. रामसेस दुसऱ्याची ही देवळं जलाशयात बुडू नयेत म्हणून १९६४ ते १९६८ मध्ये कापून ६५ मीटर वर आणि सुमारे २०० मीटर मागे नेली, त्यावरची कृत्रिम टेकडी बाजूने चालताना नीट कळते. सगळ्या बसेस एकदम पोचतात आणि सगळे मोठ्या देवळात घुसतात. तुम्ही आधी त्याची राणी नेफर्तारी हिच्या लहान देवळात जा, गर्दी पुढे सरकली की मोठं बघा. २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला सूर्यकिरण गाभाऱ्यात पोचतात, त्या दिवशी मुक्काम तिथेच करावा लागतो आणि गर्दी प्रचंड असते. पहिल्या भेटीला ते दिवस टाळलेले बरे.

परतल्यावर संध्याकाळी बाजार. स्टेशनसमोरून सुरू होऊन तो दक्षिणेकडे जातो, स्टेशनकडच्या बाजूला गावकरी खरेदी करतात म्हणून भाव तिथे माफक. ‘केशर’ म्हणून स्वस्तात ढीगभर विकतात ती आपल्या करडईची फुलं असतात, घेऊ नका. घ्यायचं ते करकडे. ही लाल अंबाडीची वाळलेली बोंडं, अस्वानची नामांकित. काळपट लाल, अख्खी, हाताला लवचिक लागणारी निवडा. चुरा आणि फिकट गुलाबी नको. दोन चिमटी दुकानदाराच्या परवानगीने चघळून बघा, आंबट लागली पाहिजेत. अर्धा किलो भरपूर होतं. घरी लिटरभर पाण्याला एक मोठी मूठ, पाच मिनिटं उकळा किंवा रात्रभर थंड पाण्यात भिजवा, गाळून साखर घाला. स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात करा, ॲल्युमिनियमच्या नको, आंबटपणा भांड्याला लागतो. रक्तदाबाची गोळी चालू असणाऱ्यांनी रोज पिण्याआधी डॉक्टरांना विचारावं.